विल्यम विदरिंग : झाडपाल्यातून हृदयाचे औषध शोधणारे डॉक्टर

घरात कुणाला हृदयविकार असल्याचे समजले की दोन-चार दिवसांत सल्ले सुरू होतात. कुणी अर्जुनाच्या सालीचा काढा सुचवतो, कुणी लसूण, आले आणि लिंबाचा रस उकळून द्यायला सांगतो, कुणी गावाकडच्या औषध देणाऱ्याचा पत्ता देतो. सांगणारी माणसे आपलीच असतात आणि त्यांचा हेतूही चांगला असतो. मग तुमच्या मनात प्रश्न येतो : डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत, जोडीला झाडपाल्याचे काही घेतले तर बिघडले कुठे?

या प्रश्नाचे नुसते 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे उत्तर देऊन भागत नाही. कारण हृदयाच्या सर्वांत जुन्या औषधांपैकी एक औषध झाडपाल्यातूनच आले आहे. 'डिगॉक्सिन' नावाची छोटी गोळी तुम्ही किंवा तुमच्या घरातले कुणी आजही घेत असाल. तिचे मूळ इंग्लंडमधल्या एका म्हातारीच्या घरगुती औषधात आहे. त्या औषधाची पारख करणाऱ्या डॉक्टरांचे नाव विल्यम विदरिंग. ती वनस्पती रुग्णांना बऱ्यापैकी सुरक्षितपणे देता यावी, यासाठी त्यांनी आयुष्याची दहा वर्षे दिली. ही दहा वर्षे कशासाठी लागली हे समजून घेतलेत, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला बरेचसे मिळेल.

औषधविक्याचा मुलगा

विदरिंग यांचा जन्म मार्च १७४१ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातल्या वेलिंग्टन गावी झाला. वडील औषधे तयार करून देत आणि लहानमोठ्या शस्त्रक्रियाही करत. त्यामुळे खल, बत्ता, मुळ्या आणि साली या गोष्टी विल्यम यांनी लहानपणापासून पाहिल्या होत्या. पुढे ते स्कॉटलंडमधल्या एडिंबरा येथे वैद्यक शिकायला गेले आणि १७६६ मध्ये डॉक्टर झाले.

गंमत अशी की, विद्यार्थिदशेत त्यांना वनस्पतिशास्त्राचा कंटाळा होता. तेव्हा डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाला वनस्पती ओळखाव्याच लागत, कारण बहुतेक औषधे त्यांच्यापासूनच बनत. विदरिंग यांना मात्र त्या विषयाचे आकर्षण वाटत नव्हते.

ही आवड लागली ती स्टॅफर्ड गावात. शिक्षण संपल्यावर त्यांनी तिथे व्यवसाय सुरू केला. हेलेना कुक्स नावाची एक तरुणी त्यांच्याकडे उपचार घेत होती. तिला फुलांची चित्रे काढण्याचा छंद होता. तिच्यासाठी विदरिंग रानातून फुले आणि वनस्पती आणू लागले. १७७२ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि वनस्पतींचा नाद विदरिंग यांना कायमचा लागला. १७७६ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या वनस्पतींवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. म्हातारीचे औषध समोर आले तेव्हा ते ओळखण्याची तयारी या छंदातून झालेली होती.

अंगावर पाणी चढण्याचा आजार

१७७५ मध्ये विदरिंग बर्मिंगहॅमला आले. तिथले एक नामांकित डॉक्टर वारले होते. त्यांची जागा घेण्याचे विदरिंग यांना डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनी सुचवले. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन हे या इरॅस्मस यांचे नातू. बर्मिंगहॅममध्ये विदरिंग यांचा जम चांगला बसला. रोज एक तास ते गरिबांना फुकट तपासत. अशा रुग्णांची संख्या वर्षाला दोन-तीन हजार भरत असे.

त्यांच्यात 'ड्रॉप्सी'चे रुग्ण पुष्कळ असत. पाय सुजायचे, बोटाने दाबले की खळगा पडायचा, पोटात पाणी साचायचे, आडवे झाले की श्वास कोंडायचा. त्या काळी हा एक स्वतंत्र आजार समजला जाई. आज आपल्याला माहीत आहे की ते लक्षण आहे आणि त्यामागे हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांचा बिघाड असू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' हा शब्द वापरला असेल, तर त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते किंवा हृदय नीट सैल होऊन भरत नाही, आणि त्यामुळे शरीरात पाणी साठते. विदरिंग यांच्या अनेक ड्रॉप्सीच्या रुग्णांना हाच त्रास असावा.

त्या वेळी उपचार फारसे नव्हते. जुलाब देत, रक्त काढत, सुईने टोचून पाणी काढत. बरेच रुग्ण गुदमरून मरत.

म्हातारीचा नुस्खा

त्याच १७७५ साली कुणीतरी विदरिंग यांच्याकडे एक घरगुती नुस्खा घेऊन आले आणि त्यांचे मत विचारले. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीने तो बरीच वर्षे गुप्त ठेवला होता. नावाजलेल्या डॉक्टरांनी हात टेकलेले ड्रॉप्सीचे काही रुग्ण तिच्या औषधाने बरे झाले होते. मात्र औषध घेतल्यावर जबर उलट्या आणि जुलाब होत.

इंटरनेटवर तुम्हाला या म्हातारीचे नाव 'मदर हटन' असे वाचायला मिळेल. विदरिंग यांनी मात्र तिचे नाव कुठेही लिहिलेले नाही. ते नाव विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून पसरले.

नुस्ख्यात वीस किंवा त्याहून जास्त वनस्पती होत्या. विदरिंग यांच्यासारख्या जाणकाराला त्यातली काम करणारी वनस्पती ओळखणे अवघड गेले नाही. ती होती फॉक्सग्लोव्ह. युरोपात रानात आणि कुंपणाच्या कडेला वाढणारे, जांभळ्या घंटेसारख्या फुलांचे हे झाड. फुलात बोट सहज जाते, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव बोटाच्या लॅटिन शब्दावरून 'डिजिटॅलिस' असे पडले.

थोड्याच दिवसांत त्यांना आणखी एक गोष्ट कळली. ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजच्या प्रमुखांच्या छातीत पाणी झाले होते. मोठमोठ्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते फॉक्सग्लोव्हच्या मुळीने बरे झाले. आता विदरिंग यांना हा विषय सोडवेना.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विदरिंग यांनी म्हातारीला अडाणी ठरवून तिचे औषध फेकून दिले नाही. आणि चार माणसे बरी झाली म्हणून जसेच्या तसे रुग्णांना वाटलेही नाही. त्यांनी ते तपासायला घेतले.

दहा वर्षांतले चार प्रश्न

सुरुवातीला ते औषध फार जास्त आणि फार भराभर देत होते. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. रुग्णांना त्याचा त्रास झाला. मग त्यांनी एकेक प्रश्न घेऊन उत्तर शोधले.

पहिला प्रश्न : झाडाचा कोणता भाग वापरायचा? मुळीचा जोर कधी जास्त, कधी कमी असे. म्हणून त्यांनी मुळी सोडून पाने घेतली.

दुसरा प्रश्न : पाने कधी तोडायची? ऋतू बदलला की पानांची ताकद बदलते हे त्यांच्या लक्षात आले. झाड फुलावर येते त्या सुमारास तोडलेल्या पानांचा परिणाम बराचसा सारखा येत असे.

तिसरा प्रश्न : कोणत्या रूपात द्यायचे? ताजी पाने उकळून केलेल्या काढ्यात किती औषध उतरले याचा भरवसा नव्हता. म्हणून पाने वाळवून त्यांची पूड करणे किंवा पाने न उकळता उकळत्या पाण्यात भिजत घालणे, या दोन रीती त्यांनी ठरवल्या.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : किती द्यायचे आणि कधी थांबायचे? मोठ्या माणसाला त्यांनी पुडीची मात्रा ठरवली ती एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. म्हणजे पूड अगदी थोडीच. लघवी वाढली, मळमळू लागले, नाडी मंदावली किंवा जुलाब झाले, यांतले काहीही पहिल्यांदा दिसताच औषध थांबवायचे, असा नियम त्यांनी घातला.

जास्त झाले तर काय होते, हेही त्यांनी नोंदवले. उलट्या, चक्कर, नजर धूसर होणे, वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे, घाम, झटके, शुद्ध हरपणे आणि शेवटी मृत्यू. आजही डिगॉक्सिन जास्त झालेल्या रुग्णात डॉक्टर यांतली बरीच लक्षणे शोधतात.

हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही, हेदेखील त्यांना दिसले. ज्यांची नाडी क्षीण किंवा अनियमित आहे, ओठ निळसर आहेत, सुजेत बोटाने खळगा पडतो, अशांना गुण येई. धट्ट्याकट्ट्या, लालबुंद चेहऱ्याच्या, ताठ नाडीच्या माणसांना क्वचितच. म्हणजे सूज दोघांना सारखीच दिसली तरी औषध एकालाच लागू पडे.

हृदयाच्या गतीवर या वनस्पतीचा विलक्षण प्रभाव आहे, इतके विदरिंग यांनी ओळखले होते. तो कसा पडतो, हे कळायला मात्र पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

फिरत्या व्यापाऱ्याची बायको

विदरिंग यांनी सांगितलेली एक हकिकत प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांनी वाचावी अशी आहे.

यॉर्कशायरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याला पाहायला त्यांना बोलावणे आले. माणूस सतत उलट्या करत होता. त्याला नीट दिसत नव्हते. नाडी मिनिटाला ४० होती. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. त्याला दम्यासारखा त्रास होता. तो बरा व्हावा म्हणून त्याच्या बायकोने फॉक्सग्लोव्हची मूठभर हिरवी पाने थोड्या पाण्यात शिजवली आणि ते पाणी त्याला पाजले. त्याने ते एका दमात पिऊन टाकले. थोडक्यात जीव वाचला.

त्या बाईने निवडलेले झाड खरोखर औषधी होते. नवऱ्यावरच्या मायेपोटीच तिने ते शिजवले होते. तिला ठाऊक नव्हती ती मात्रा. विदरिंग यांनी दहा वर्षे घालवून जे शोधले, तेवढेच तिच्याकडे नव्हते, आणि तेवढ्याने माणूस मरणाच्या दारात गेला.

१६३ रुग्णांचे पुस्तक

१७८५ मध्ये विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह आणि त्याच्या वैद्यकीय उपयोगांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी स्वतः उपचार केलेल्या १६३ रुग्णांच्या नोंदी आहेत. ज्यांना गुण आला त्यांच्याच नाही, तर ज्यांना आला नाही, ज्यांना त्रास झाला आणि जे दगावले त्यांच्याही. नुसते यशस्वी रुग्ण निवडून औषधाचा बोलबाला करणे सोपे गेले असते, हे त्यांना माहीत होते.

पुस्तक काढण्याची घाई त्यांना एका काळजीने झाली. औषधाची बातमी पसरली होती आणि बेहिशेबी वापर सुरू झाला होता. अशाने लोक मरतील आणि मग चांगले औषधही बदनाम होऊन बाजूला पडेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

श्रेयावरून कटुताही आली. १७८० मध्ये इरॅस्मस डार्विन यांनी फॉक्सग्लोव्हने बऱ्या झालेल्या रुग्णांची माहिती छापली, पण विदरिंग यांचे नाव घेतले नाही. दोघांची मैत्री पुढे तुटली.

१७८५ मध्येच विदरिंग लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. खनिजांचाही त्यांचा अभ्यास होता. 'विदराइट' हे खनिज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र तब्येत साथ देत नव्हती. फुप्फुसांचा आजार बळावत गेला आणि थंडी टाळण्यासाठी त्यांनी दोन हिवाळे पोर्तुगालमध्ये काढले. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी बर्मिंगहॅम येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एजबॅस्टनच्या चर्चमधल्या त्यांच्या स्मृतिशिलेवर फॉक्सग्लोव्ह कोरलेले आहे.

पानापासून गोळीपर्यंत

विदरिंग यांची भीती खरी ठरली. त्यांच्यानंतर पुष्कळ डॉक्टरांनी हे औषध संबंध नसलेल्या आजारांत आणि भलत्या मात्रेत वापरले. त्याचे खरे स्थान हृदयाच्या आजारांत आहे हे हळूहळू स्पष्ट झाले. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञ सिडनी स्मिथ यांनी फॉक्सग्लोव्हच्याच जातीतल्या दुसऱ्या झाडाच्या पानांतून डिगॉक्सिन वेगळे केले. त्यानंतर प्रत्येक गोळीत मोजून तेवढेच औषध घालता येऊ लागले.

नेहमीची डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे एका ग्रॅममध्ये अशा ४,००० गोळ्यांचे औषध मावते. हे औषध हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनाला जोर देते आणि वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विजेचे संदेश कमी करते. त्यामुळे अनियमित धावणारे हृदय जरा सावकाश चालते.

डिगॉक्सिनची तपासणी तिथेही थांबली नाही. १९९७ मध्ये हार्ट फेल्युअरच्या ६,८०० रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डिगॉक्सिनमुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण कमी झाले, पण मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. म्हणून आज ते ठरावीक रुग्णांनाच दिले जाते आणि आयुष्य वाढवणारी दुसरी औषधे आधी सुरू केली जातात. दोनशे वर्षे वापरातले औषधसुद्धा पुन्हा तपासावे लागते, तर नुकतेच कुणी सुचवलेल्या चूर्णाबद्दल प्रश्न विचारण्यात गैर काय?

भारतातही असे घडले आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळे करण्यात आले. त्याने रक्तदाब उतरतो, पण काहींना मोठे नैराश्य येऊ शकते, हेही वापरातून कळले.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ काय?

झाडपाल्याचे औषध खोटेच असते असे नाही. ज्यात खरा गुण आहे, त्यात अपाय करण्याची ताकदही असते. म्हणून 'नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही' हा भरवसा धरू नका. आयुर्वेदाचे जाणकार वैद्यही वनस्पतीचा भाग, काळ, मात्रा आणि रुग्णाची प्रकृती पाहूनच औषध ठरवतात. ऐकीव माहितीवरून केलेला काढा यात बसत नाही.

हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर पुढील गोष्टींची विशेष काळजी घ्या.

कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) : फॉक्सग्लोव्ह आपल्या अंगणात नसते, पण ही दोन झाडे असतात. त्यांच्यात डिगॉक्सिनच्याच प्रकारची द्रव्ये आहेत. पान, बी, मूळ यांतले काहीही पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. घरी कधीही औषध करू नका.

जेष्ठमध : खोकल्यासाठी कधीतरी एखादा तुकडा चघळणे वेगळे. पण रोज काही आठवडे घेतल्यास अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

सोनामुखीसारखी रेचके : रोज घेतल्यास जुलाबावाटे पोटॅशियम जाते. बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर दुसरे उपाय आहेत.

लसूण, आले आणि हळद यांच्या कॅप्सूल किंवा अर्क : भाजी-आमटीत घालतो तेवढे घ्यायला सहसा हरकत नसते. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना यांच्या कॅप्सूल घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असेल, तर आधीच सांगा.

अर्जुन : हृदयासाठी आयुर्वेदात याचा वापर फार जुना आहे. त्यावर काही अभ्यासही झाले आहेत, पण त्याच्या भरवशावर तुमच्या गोळ्या बंद कराव्यात इतका पुरावा नाही. घ्यायचेच असेल तर डॉक्टर आणि वैद्य दोघांना विचारून घ्या. काढ्याचे पाणीही दिवसाच्या पाण्याच्या मर्यादेत मोजा. अर्जुनारिष्टात गूळ आणि आंबवण्यातून तयार झालेले थोडे मद्य असते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे.

लवणभास्करसारखी चूर्णे : यांत मीठ बरेच असते. हार्ट फेल्युअर किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

लेबल नसलेल्या पुड्या : आत काय आहे आणि किती आहे हे कळायला मार्ग नसतो. काही भस्मयुक्त औषधांत शिसे आणि पारा अपायकारक प्रमाणात आढळले आहेत. अशी पुडी घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना

पुष्कळ रुग्ण काढ्याबद्दल डॉक्टरांना सांगत नाहीत. ते रागावतील, अशी भीती वाटते. पण लपवलेल्या काढ्यामुळे डॉक्टरांचा हिशेब चुकतो. नाडी मंदावली तर ते चालू गोळीची मात्रा कमी करतील आणि खरे कारण घरच्या पातेल्यात राहील. विदरिंग यांनासुद्धा त्या व्यापाऱ्याच्या उलट्यांचे कारण घरी चौकशी केल्यावरच कळले.

म्हणून पुढच्या भेटीला जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्या. गोळ्या, चूर्ण, काढ्याची बाटली, कॅप्सूल, सगळे. आणि विचारा :

- माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे चालेल का?
- याने पोटॅशियम, रक्तदाब, नाडी किंवा रक्त गोठणे यांवर काही परिणाम होईल का?
- मूत्रपिंडाची किंवा रक्ताची तपासणी करावी लागेल का?
- कोणती लक्षणे दिसली की हे लगेच थांबवायचे?

वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. एकाच वेळी दोन नवी औषधे सुरू करू नका, नाहीतर त्रास कशाने झाला हे ओळखता येत नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटते ते बहुतेक वेळा त्या गोळ्यांमुळेच.

डिगॉक्सिन चालू असताना मळमळ, उलट्या, भूक मरणे, नजर धूसर होणे, वस्तूंना पिवळी झाक दिसणे, नाडी ६० च्या खाली जाणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांतले काही दिसले तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणे, दम लागून बोलताही न येणे किंवा शुद्ध हरपणे अशा वेळी घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जा. निघताना औषधांची पिशवीही बरोबर घ्या.